पाठवला म्हणतोय, पण पोचला कुठे?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळच्या टपालात एकाच दुखण्याचे प्रश्न इतके आलेत की सगळा कॉलम त्यालाच दिलाय. दुखणं असं, की विंडोज, मॅक आणि लिनक्स असे वेगवेगळे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत, इंटरनेट सगळीकडे व्यवस्थित चालतंय, पण एकावरून दुसऱ्यावर पाठवलेला मेसेज पोचत नाही, किंवा एकाच बाजूने पोचतो. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात पुढचं वाक्य आहेच, "मेसेंजर काढून परत टाकला तरी तेच."

तर आधीच सांगतो, परत इन्स्टॉल करायची घाई करू नका. मेसेज चार ठिकाणी अडकू शकतो. पाठवणाऱ्या मशीनमधून तो बाहेरच पडला नसेल, वाटेत राउटरवर अडला असेल, घेणाऱ्या मशीनच्या दारात फायरवॉलने, म्हणजे येणारं-जाणारं तपासणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमने, अडवला असेल, किंवा आत आला असेल पण स्क्रीनवर दिसला नसेल. ह्यातलं नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय सेटिंग बदलत बसलात तर मूळ दोष राहतो बाजूला आणि चालू असलेलं अजून काहीतरी बंद पडतं, मग दोन दोष एकदम शोधत बसावं लागतं.

प्रश्न : नमस्कार सर, आमच्याकडे तीन कॉम्प्युटर आहेत, विंडोज ११, मॅकबुक आणि उबुंटू. तिन्हीवर सर्व्हर न लागणारा लॅन मेसेंजर टाकलाय, आयपी मेसेंजरच्या पद्धतीचा, पोर्ट २४२५ (मशीनमधे प्रोग्रॅमच्या दाराचा क्रमांक) वाला. विंडोजवर लिस्टमधे मॅक दिसतो आणि मेसेजही जातो. मॅकवरून विंडोजला मात्र पोचत नाही. पण विंडोजवाल्याने नुकतंच काही पाठवलं असेल आणि मॅकवरून लगेच उत्तर दिलं तर ते पोचतं, थोड्या वेळाने दिलं तर नाही, हे काही कळत नाही. उबुंटू तर दोघांनाही दिसतच नाही. उबुंटूवरून मॅकला पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघणारी कमांड) लागतं, मॅकवरून उबुंटूला लागत नाही. विंडोजचा आयपी १९२.१६८.१.१२, मॅकचा १९२.१६८.१.१५ आणि उबुंटूचा १९२.१६८.०.२३ आहे. विंडोजच्या फायरवॉलमधे मेसेंजरला अलाऊ केलेलं आहे, काढून परत टाकूनही झालं. काय करू?

उत्तर : तुम्ही आयपी दिलेत आणि "लगेच दिलं तर पोचतं" हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही एकदम असल्यामुळे गोंधळ वाटतोय.

आधी हे मेसेंजर चालतात कसे ते बघू. मधे सर्व्हर नसतो, त्यामुळे कोण हजर आहे हे सांगणारं कोणी नाही. म्हणून प्रोग्रॅम सुरू झाला की तो नेटवर्कभर एक हाक मारतो, "मी आलोय", ह्याला ब्रॉडकास्ट म्हणतात. ती ज्यांना ऐकू जाते ते आपापलं नाव परत पाठवतात आणि तुमची लिस्ट तयार होते. नंतरचा मेसेज मात्र ब्रॉडकास्ट नसतो, तो थेट त्या एका आयपीला जातो. हे सगळं सहसा यूडीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून मजकूर पाठवायच्या एका साध्या पद्धतीवर, चालतं, आणि यूडीपीची स्वतःची अशी पोचपावती नसते. काही प्रोग्रॅम पोचपावती आपली आपण बांधतात, काही बांधत नाहीत, त्यामुळे "सेंट" असं दिसलं तर त्याचा खात्रीचा अर्थ एवढाच की मेसेज ह्या मशीनमधून बाहेर पडला.

आता विंडोज. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारं सगळं मुळातच जाऊ देते आणि आत येणारं, ज्याला परवानगी नाही ते, अडवते. पण तिला एक आठवण असते. विंडोजने स्वतः मॅकला काही पाठवलं की त्याच पत्त्यावरून, त्याच पोर्टवरून येणारं उत्तर ती थोडा वेळ आत सोडते. तो थोडा वेळ संपला की दार बंद. म्हणून तुमचं लगेच दिलेलं उत्तर पोचतं आणि उशिरा दिलेलं पोचत नाही. लिस्टमधे मॅक दिसतो त्याचंही कारण असंच आहे, विंडोजने ब्रॉडकास्ट केला की त्याला येणाऱ्या उत्तरांसाठी फायरवॉल मुळातल्या सेटिंगप्रमाणे तीन सेकंदांपर्यंत थांबते, आणि मॅक त्याच्या आत उत्तर देतो. म्हणजे लिस्टमधे नाव दिसणं हा काही मेसेज आत येऊ शकतो ह्याचा पुरावा नाही, आणि बहुतेक लोक फसतात ते इथेच.

तुम्ही म्हणाल की अलाऊ तर केलंय. तर असं झालं असण्याची शक्यता मोठी आहे, की मेसेंजर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा विंडोजने परवानगी विचारणारी खिडकी दाखवली आणि कोणीतरी ती कॅन्सल केली. कॅन्सल केलं की विंडोज गप्प बसत नाही, त्या प्रोग्रॅमच्या नावाने "अडवा" असा नियम लिहून ठेवते. नंतर तुम्ही "अलाऊ" चा नियम टाकलात तरी दोन नियम भांडतात तेव्हा अडवणारा जिंकतो. आणि हे नियम प्रोग्रॅमच्या फाइलच्या जागेला बांधलेले असतात, त्यामुळे मेसेंजर काढून परत त्याच फोल्डरमधे टाकलात तर जुना नियम तिथेच वाट बघत बसलेला असतो. स्टार्टमधे "विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी" शोधा, उघडा, डावीकडे इनबाउंड रूल्सवर क्लिक करा, यादी नावाप्रमाणे लावून तुमच्या मेसेंजरचं नाव शोधा. लाल गोल खूण असलेल्या ओळी दिसल्या, बहुतेक टीसीपी (पोचल्याची खात्री करून पाठवणारी दुसरी पद्धत) आणि यूडीपीची एकेक अशा दोन असतात, तर त्या डिलीट करा. हिरवी खूण असलेली राहू द्या, पण ती कुठल्या प्रोफाइलसाठी आहे तो कॉलम वाचा. तिथे "प्रायव्हेट" लिहिलंय आणि तुमचं वायफाय विंडोजने "पब्लिक" धरलंय असं असेल तरी मेसेज अडणार. सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेटमधे जाऊन त्या कनेक्शनचं प्रोफाइल प्रायव्हेट करा, पण हे फक्त आपल्या विश्वासाच्या नेटवर्कवर, भलत्या ठिकाणच्या वायफायवर नाही. आणि कृपा करून पूर्ण फायरवॉल बंद करून ठेवू नका. तपासायला दोन मिनिटं बंद केली आणि परत चालू केली तर ठीक, पण "बंद केल्यावर चालतंय ना, मग राहू दे" हे करू नका, मेसेज यायला लागतात खरं, पण त्या मशीनची सगळीच दारं उघडी राहतात.

आता उबुंटू. तुम्ही फायरवॉलकडे बघत बसला असाल, पण आयपी बघा, दोघांचे १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि उबुंटूचा १९२.१६८.० ने. घरगुती राउटरवर सबनेट मास्क सहसा २५५.२५५.२५५.० असतो, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असतील तरच मशीन एका नेटवर्कवर. उबुंटू वेगळ्या नेटवर्कवर आहे. ब्रॉडकास्टची हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे तो कोणालाच दिसत नाही. आणि एका बाजूनेच पिंग लागतं ह्यावरून माझा अंदाज असा, की वायफायची रेंज वाढवायला कोणीतरी दुसरा राउटर लावलाय आणि पहिल्या राउटरची वायर त्याच्या वॅन पोर्टमधे, म्हणजे इंटरनेटची वायर लावायच्या खाचेत, खोचलीय. मग तो दुसरा राउटर आपल्या पलीकडे एक स्वतंत्र नेटवर्क तयार करतो, तिथून बाहेर जाता येतं पण बाहेरून आत येता येत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कोणाला शंकाच येत नाही.

उपाय, दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडमधे (वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देणाऱ्या) टाका. तो पर्याय नसेल तर त्याची डीएचसीपी, म्हणजे मशीनना आयपी वाटायची सोय, बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पहिल्या राउटरच्या रांगेतला पण कोणी वापरत नसलेला असा करा, आणि वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टमधे लावा. ह्याच क्रमाने करा, कारण वायर आधी लॅनमधे लावलीत तर काही वेळ दोन डीएचसीपी एकाच नेटवर्कवर आयपी वाटत बसतात आणि नवीन घोळ होतो. उबुंटू परत जोडल्यावर त्याचा आयपी १९२.१६८.१ चा झाला की तो लिस्टमधे यायला पाहिजे. उबुंटूची स्वतःची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, मुळात बंद असते, पण कोणी चालू केली असेल तर पोर्ट २४२५ यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडावे लागतील, मेसेज एकावर जातात आणि फाइली दुसऱ्यावर.

एवढं करूनही अडलं तर अंदाज बांधत बसू नका, वायरशार्क टाका, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट (मजकुराचे गठ्ठे) दाखवणारा प्रोग्रॅम, ते तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि फुकट आहे. घेणाऱ्या मशीनवर चालू करा, बरोबर ते नेटवर्क कार्ड निवडा, फिल्टरमधे फक्त यूडीपी पोर्ट २४२५ ठेवा आणि समोरच्याला एक मेसेज पाठवायला सांगा. वायरशार्क पॅकेट बघतं ते फायरवॉलच्या आधी, हे त्याचं सगळ्यात उपयोगी अंग आहे. म्हणजे वायरशार्कमधे पॅकेट दिसलं पण मेसेज नाही आला तर दोष ह्याच मशीनवर, फायरवॉल किंवा प्रोग्रॅममधे. पॅकेटच दिसलं नाही तर इथलं काही बदलू नका, राउटर किंवा पाठवणारा बघा. मी तर म्हणेन की पहिल्या पाच मिनिटांतच हे करावं, लोक ते सगळ्यात शेवटी करतात. पिंगवर एवढा भरवसा ठेवू नका, विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही आणि मॅकवर स्टेल्थ मोड चालू असेल तर तोही देत नाही, मशीन जिवंत असतं तरी.

प्रश्न : मॅक अपडेट केल्यापासून मॅकच्या लिस्टमधे कोणीच दिसत नाही, त्याच मॅकवर इंटरनेट व्यवस्थित आहे. फायरवॉल बंदच आहे.

उत्तर : अपडेट म्हणजे मॅकओएस १५ सिकोया किंवा त्यापुढचं असेल तर ही फायरवॉलची गोष्टच नाही. २०२४ साली आलेल्या सिकोयापासून प्रत्येक अॅपला लोकल नेटवर्कवर इतर मशीन शोधायला वेगळी परवानगी लागते. विचारणारी खिडकी आली तेव्हा "डोन्ट अलाऊ" दाबलं गेलं असेल. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग लोकल नेटवर्क, तिथे मेसेंजरपुढचं बटण चालू करा आणि अॅप पूर्ण बंद करून परत उघडा. बटण आधीच चालू दिसत असेल तर एकदा बंद करून परत चालू करा, आणि मॅक रिस्टार्ट करा.

प्रश्न : सर, आमच्या वर्कशॉपमधे एका जुन्या यंत्राला विंडोज ९८ चा कॉम्प्युटर जोडलाय, तो बदलता येत नाही. दुसरा विंडोज एक्सपी आहे आणि एक लिनक्स, त्यावर सांबा (विंडोजच्या नेटवर्कशी बोलणारा प्रोग्रॅम) आहे. पूर्वी नेट सेंड ह्या विंडोजच्या कमांडने मेसेज जायचे असं जुने लोक सांगतात. मला एक्सपीवरून ९८ ला जमलं नाही, आणि ९८ वरून लिनक्सला पाठवला तर ९८ म्हणतं मेसेज गेला, पण लिनक्सवर काहीच येत नाही. विंडोज १० वर तर नेट सेंड ही कमांडच सापडत नाही.

उत्तर : अशी जुनी मशीनं अजून खूप ठिकाणी कामावर आहेत आणि त्यांच्याबद्दल आता कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोज ९८ मधे मेसेज घेणारी सर्व्हिस पाठीमागे चालत नसते. तिथे विनपॉपअप नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो उघडा असेल तरच मेसेज येतो, नसेल तर पाठवणाऱ्याला एरर मिळते. त्यामुळे ९८ वर विनपॉपअपचा शॉर्टकट स्टार्टअपमधे टाका म्हणजे मशीन चालू झालं की तो आपोआप उघडेल. तो मिनिमाइज केला तरी चालतो, बंद करायचा नाही.

एक्सपीवर उलट आहे, तिथे मेसेंजर नावाची सर्व्हिस असते, चॅटच्या मेसेंजर प्रोग्रॅमशी तिचा काही संबंध नाही. २००४ मधे आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती मुळातच बंद करून ठेवली. त्याला कारण होतं, इंटरनेटला सरळ जोडलेल्या मशीनवर लोक तिच्यातून जाहिरातींच्या खिडक्या पाठवायला लागले होते, आणि ऑक्टोबर २००३ मधे त्या सर्व्हिसमधे एक गंभीर सुरक्षा दोष जाहीर झाला होता, ज्यातून बाहेरचा माणूस मशीनचा ताबा घेऊ शकायचा. विस्टापासून ती पूर्णच काढून टाकली, म्हणून विंडोज १० वर तुम्हाला सापडत नाही. तिथे एमएसजी नावाची वेगळी कमांड आहे, ती होम आवृत्तीत मिळत नाही आणि तिचा नेट सेंडशी मेळ बसत नाही, ९८ ला तिच्यावरून काही जाणार नाही.

तर एक्सपीवर सर्व्हिसेसमधे जाऊन मेसेंजर ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट करा. दोन्ही विंडोजवर टीसीपी-आयपीच्या सेटिंगमधे नेटबायोस, म्हणजे मशीनना नावाने ओळखायची जुनी पद्धत, चालू आहे ना बघा, कारण हे मेसेज आयपीवर नाही, नेटबायोसच्या नावावर जातात. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं, सोळावी जागा ते नाव कशासाठी आहे हे सांगायला राखीव. एनबीटीस्टॅट कमांड डॅश एन लावून चालवली की मशीनची नोंदलेली नावं दिसतात, त्यात नावापुढे कंसात ०३ असलेली ओळ असेल तर ते मशीन मेसेज घ्यायला तयार आहे, नसेल तर नाही. तुमचं कुठे अडलंय हे ह्या एका ओळीवरून कळतं. फायरवॉलमधे यूडीपी १३७ आणि १३८, टीसीपी १३९ हे पोर्ट लागतात.

आता लिनक्सचं, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. सांबाला विनपॉपअपचा मेसेज घेता येतो, पण घेतल्यावर करायचं काय ते एसएमबी डॉट कॉन्फ फाइलमधे "मेसेज कमांड" ह्या ओळीत सांगावं लागतं. ती ओळ नसेल तर सांबा मेसेज टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला एररही कळवतो. पण ही पाठवणारी जुनी विंडोज मंडळी ती एरर वाचतातच असं नाही, विंडोज फॉर वर्कग्रुप्स ह्या ९८ च्याही आधीच्या विंडोजबद्दल तर सांबाच्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की ते एररकडे दुर्लक्ष करून मेसेज पोचला असंच सांगतं. तुमचं ९८ तसंच वागतंय असं दिसतंय. म्हणून त्या "गेला" वर विश्वास ठेवू नका.

ती ओळ लिहिताना एक काळजी घ्या, कमांडच्या शेवटी अँड चिन्ह (&), म्हणजे पाठीमागे चालवण्याची खूण, द्यायलाच पाहिजे. ती नसेल तर मेसेज दाखवणारी खिडकी कोणी बंद करेपर्यंत सांबा तिथेच अडकून बसतो आणि पाठवणारं मशीनही लटकतं. मेसेजचा मजकूर सांबा एका तात्पुरत्या फाइलमधे ठेवतो, ती वाचून झाली की डिलीट करायचं कामही त्याच कमांडमधे घाला. सुरुवातीला खिडकी वगैरे नको, मजकूर एका लॉग फाइलला जोडत जाईल एवढीच साधी कमांड लिहा. फाइलमधे ओळी यायला लागल्या म्हणजे नेटवर्क चोख आहे, मग दाखवण्याचं बघा. लिनक्सवरून पाठवायला एसएमबीक्लायंट, डॅश कॅपिटल एम आणि पुढे समोरच्याचं नेटबायोस नाव. मेसेज १६०० बाइटपर्यंतच जातो, पुढचा कापला जातो, तशी ती प्रोटोकॉलचीच मर्यादा आहे.

आणि शेवटचं पण अगदी मनापासून, ही तीन मशीनं इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या वेगळ्या स्विचवर ठेवा. ९८ आणि एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच बंद झालंय, आणि आपण वर जे जे चालू केलं ते ते चांगल्या कारणाने बंद केलेलं होतं.

प्रश्न : मॅक आणि लिनक्समधे मराठी मेसेज छान जातात. जुन्या विंडोज मशीनवर मात्र कधी नुसती प्रश्नचिन्हं येतात तर कधी अॅक्सेंटच्या रेघा असलेली परदेशी अक्षरं. फॉन्ट टाकून बघितला, फरक नाही.

उत्तर : फॉन्टचा इथे काही दोष नाही, फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. प्रश्नचिन्हं आणि परदेशी अक्षरं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

युनिकोड यूटीएफ-८ मधे, म्हणजे अक्षरं बाइटमधे लिहायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पाठवणाऱ्याने ते तीन बाइट बरोबर पाठवले, पण घेणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरलं, की एका चिन्हाच्या जागी दोन-तीन विचित्र अक्षरं येतात. आपल्या मजकुरात जवळपास प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो, त्यामुळे तेच ते वर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ए अक्षर (à) परत परत दिसतं, तुमच्या पत्रातल्या नमुन्यात तसंच आहे. ह्यात मजकूर हरवलेला नाही, फक्त चुकीचा वाचला गेलाय. घेणाऱ्या प्रोग्रॅममधे एन्कोडिंगचा पर्याय असेल तर यूटीएफ-८ करा, किंवा त्या प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती टाका.

प्रश्नचिन्हं आली तर मात्र मजकूर गेलाच. कुठल्यातरी प्रोग्रॅमने देवनागरी आपल्या जुन्या कोडपेजमधे, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात, बसवायचा प्रयत्न केला, जागा सापडली नाही, आणि प्रत्येक चिन्हाऐवजी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. हे बहुतेक पाठवणाऱ्याच्या बाजूला होतं, त्यामुळे घेणाऱ्या मशीनवर काहीही केलंत तरी ते परत येणार नाही. तिथे पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम बदलायचा. नेट सेंडच्या जमान्यातल्या प्रोग्रॅमकडून तर मराठीची अपेक्षाच ठेवू नका.

प्रश्न : छोटे मेसेज जातात, मोठे जात नाहीत, काही एररही येत नाही. हे फक्त एकाच लॅपटॉपबाबत होतं, तो व्हीपीएनवर (इंटरनेटमधून दुसऱ्या नेटवर्कपर्यंत जाणारा खासगी बोगदा) असतो.

उत्तर : साध्या नेटवर्कवर एका पॅकेटमधे १५०० बाइट मावतात, त्यातले २० आयपीचे आणि ८ यूडीपीचे सोडले तर मजकुराला १४७२ उरतात. मराठीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे "क्षी" एवढ्याला बारा बाइट लागले. थोडक्यात साडेचारशे-पाचशे चिन्हांच्या पुढे मेसेज एका पॅकेटमधे मावत नाही, त्याचे तुकडे होतात. तुकडे साध्या लॅनवर सहसा जातात, पण व्हीपीएनमधे जागा अजून कमी असते आणि मधली बरीच उपकरणं तुकडे सरळ टाकून देतात. एक तुकडा हरवला की सगळा मेसेज गेला, आणि यूडीपी असल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही.

तपासायचं असेल तर व्हीपीएन चालू ठेवून पिंगला "तुकडे करू नका" असं सांगून वेगवेगळे आकार पाठवा. विंडोजवर डॅश एफ आणि डॅश एल, पुढे आकडा, लिनक्सवर डॅश कॅपिटल एम, त्यापुढे डू, आणि मग डॅश एस, मॅकवर डॅश कॅपिटल डी आणि डॅश एस. १४७२ पासून खाली येत जा, कुठल्या आकड्याला उत्तर यायला लागतं ते बघा. पण त्याआधी सोपा प्रश्न, समोरचा माणूस शेजारच्याच टेबलावर असेल तर मेसेज व्हीपीएनमधून जातोय तरी कशाला? बऱ्याच व्हीपीएन प्रोग्रॅममधे लोकल नेटवर्कला वगळायचा पर्याय असतो, तो चालू करा. ऑफिसच्या व्हीपीएनमधे तो मुद्दाम बंद ठेवलेला असू शकतो, तर सिस्टिम बघणाऱ्या माणसाला विचारून करा. नाही जमलं तर टीसीपीवर मेसेज पाठवणारा मेसेंजर घ्या, तिथे हरवलेला तुकडा परत मागवला जातो.

प्रश्न : रोज सकाळी एक-दोन मशीनना मेसेज जात नाहीत, मेसेंजर रिस्टार्ट केला की जातात.

उत्तर : रात्री मशीन झोपलं, सकाळी उठलं तेव्हा राउटरने त्याला वेगळा आयपी दिला, आणि बाकीच्यांच्या लिस्टमधे अजून जुनाच आयपी आहे. मेसेज त्या जुन्या पत्त्यावर जातो जिथे आता कोणी नाही. रिस्टार्ट केलं की नवी हाक जाते आणि लिस्ट ताजी होते. बहुतेक मेसेंजरमधे रिफ्रेशचं बटण असतं, तेही पुरतं. कायमचं करायचं तर राउटरमधे प्रत्येक मशीनच्या मॅक अॅड्रेसला (हा नेटवर्क कार्डाचा क्रमांक, मॅक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही) एक ठरलेला आयपी राखून ठेवा. फक्त मॅकवर प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस "रोटेटिंग" वर नको आणि विंडोजवर रँडम हार्डवेअर अॅड्रेस चालू नको, नाहीतर मशीन नवीन चेहऱ्याने राउटरसमोर येतं आणि राखून ठेवलेला आयपी मिळत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्सवरून विंडोजमधे गेलो की माझे मेसेज समोरच्याला दिसत नाहीत अशी तक्रार येते, पण नंतर स्क्रोल केल्यावर वरती सापडतात.

उत्तर : मेसेज पोचतायत, चुकीच्या वेळेवर लागतायत. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे सिस्टिम बदलली की घड्याळ तुमच्या टाइमझोनच्या फरकाएवढं मागे-पुढे होतं. तुमच्याकडे ते मागे पडतं, आणि समोरचा मेसेंजर वेळेप्रमाणे लावत असेल तर तुमचा आत्ताचा मेसेज काही तास आधीच्या मेसेजमधे जाऊन बसतो. विंडोजला रजिस्ट्रीतून घड्याळ यूटीसी धरायला सांगता येतं, किंवा लिनक्सला टाइमडेटसीटीएल कमांडने स्थानिक वेळ धरायला. दोन्हीतलं एकच करा. मी विंडोज बदलायला सांगेन, कारण लिनक्स स्थानिक वेळेवर ठेवलं तर तुमच्या देशात उन्हाळ्याला घड्याळ पुढे-मागे करत असतील तेव्हा परत गोंधळ होतो.

प्रश्न : वायरशार्कमधे पॅकेट दिसतं, फायरवॉलचे नियम बरोबर आहेत, मेसेंजरच्या लॉगमधे मेसेज आलेलाही आहे. स्क्रीनवर मात्र काही नाही.

उत्तर : इथवर स्वतः तपासत आलात म्हणजे मेसेज चौथ्या ठिकाणी अडकलाय हे तुम्हीच सिद्ध केलंत. विंडोज ११ वर डू नॉट डिस्टर्ब, मॅकवर फोकस, उबुंटूवरही डू नॉट डिस्टर्ब, हे चालू आहे का बघा. विंडोजवर ते ठरावीक वेळेला किंवा स्क्रीन डुप्लिकेट केली की आपोआपही चालू होऊ शकतं. नंतर नोटिफिकेशनच्या यादीत मेसेंजरचं नाव आहे का आणि त्याला बॅनर दाखवायची परवानगी आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर मेसेंजरची खिडकी आता काढून टाकलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडत असेल. विंडोजवर ऑल्ट-टॅबने तो मेसेंजर निवडा, मग विंडोजचं बटण आणि शिफ्ट धरून डावा-उजवा बाण दाबा, खिडकी समोरच्या स्क्रीनवर येईल.